धूळपाटीपासून बालवाडीपर्यंत

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, मुळाक्षरे गिरवताना त्यांचा मोठ्याने उच्चार करत असे. स्पर्श, दृष्टी आणि ध्वनी यांची ही सांगड अत्यंत मोलाची होती, परंतु छडीच्या धाकाने तिच्यातील आनंद हिरावून घेतला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यांचे ध्वनी उच्चारते, आणि तेथे सक्तीची जागा खेळाने घेतली. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढून ही पद्धत रुजवली, तर तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत अनुताई वाघ यांच्या साथीने, महागड्या साधनांऐवजी परिसरातील सहज मिळणाऱ्या वस्तू वापरून, ती खेड्यातील गरीब मुलांपर्यंत नेली.