दुसरं तेल

"बॉक्स खोललास ना, मग तेल दोनदा. पहिलं न्हाणाचं, दुसरं नांदण्याचं." आमचे वस्ताद हे वाक्य गिऱ्हाइकासमोर मुद्दाम मोठ्याने बोलायचे, कारण बिलात तेल दोनदा लागलेलं पाहून सगळेच भडकायचे. 1974 साली मी ग्रँट रोडच्या गॅरेजात लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बाहेरून येई, डबा मिळाला तर नशीब. ते भरायचं आणि पाचशे मैलांनी गटारात सोडायचं, हे मलाही पटत नव्हतं.

वस्ताद दापोलीकडचे कोकणी मुसलमान. पोरसवदा असताना शिवडीच्या जनरल मोटर्समध्ये कामाला होते. 1928 ते 1954 तिथे शेवरोलेच्या गाड्या जोडल्या जात. कारखाना बंद झाला, पण गाड्या मुंबईतच राहिल्या. मागून इंपाला आल्या, नटांच्या, शेठ लोकांच्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत पॉवरग्लाइड, दोन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. शेवरोलेने तो 1950 साली काढला, त्याच्या दहा वर्षं आधी ओल्ड्समोबाईलने हायड्रामॅटिक आणला होता. हायड्रामॅटिक सुरुवातीला 57 डॉलर जादा देऊन मिळायचा. क्लचचं पेडलच नाही, म्हणून लोक अचंब्याने बघत.

पेडल गेलं, पण त्याचं काम कुणीतरी करायलाच हवं, आणि ते आलं तेलावर. ऑटोमॅटिकच्या पोटात तेल हेच इंजिनची ताकद चाकांकडे नेतं, तेच दाब देऊन आतल्या क्लचच्या प्लेटा आवळतं, तेच गिअरना वंगण घालतं आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरून स्वतःला थंड करतं. त्यात एक भलतीच अट. गिअरचे दात त्यावर घसरले पाहिजेत, आणि त्याच तेलात भिजलेल्या प्लेटांनी मात्र एकमेकींना धरलं पाहिजे. धरतानाही धाडकन नव्हे, जरा सरकत सरकत. नाहीतर गाडी हिसका देते आणि मागे बसलेल्या बाईसाहेबांच्या हातातला आरसा पडतो.

इंजिन ऑईलने हे जमेना, खास तेलच लागे. त्यासाठी जनरल मोटर्सने 1949 साली 'टाइप ए' नावाचा दर्जा ठरवून दिला. तेल कोणत्याही कंपनीने करावं, पण आधी शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनमध्ये पास व्हावं. पास झालेल्या डब्यावर एक्यू-एटीएफ अशी अक्षरं आणि पुढे नंबर. इंग्रजी वाचायला मी शिकलो ते अशा डब्यांवर. वस्तादांना वाचता येत नव्हतं, पण नंबर उमटवलेलं झाकण बोटाने चाचपून बघत. तेल लाल, रंग नुसता ओळखीपुरता, म्हणजे गाडीखाली डाग दिसला की इंजिनचा की बॉक्सचा ते लगेच कळावं.

ते सरकतं धरणं कुठून येतं, हे मला फार उशिरा कळलं. एक पारशी गिऱ्हाईक अमेरिकन मासिकं आणून द्यायचे, त्यात वाचलं. तेलात देवमाशाच्या डोक्यातलं तेल घालत! स्पर्म व्हेल जातीचा देवमासा, त्याच्या डोक्यात जे असतं ते खरं तर तेल नाही, पातळ मेणच. उष्णता आणि दाब सोसूनही ते पृष्ठभागाला धरून राहतं. 1967 साली 'डेक्सरॉन' आलं, त्यातही तेच. वस्तादांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ हातातल्या डब्याकडे बघत बसले. म्हणाले, "आमच्याकडे किनाऱ्याला देवमासा लागला तर माणसं त्याला नारळ वाहतात रे." हल्ली कोकणात 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या येतात ना, ती याच जातीची.

1970 साली अमेरिकेने देवमाशांना नष्ट होणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि हे तेल बंद पडलं. कारखान्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. वाळवंटातल्या होहोबाच्या बियांतही तसंच पातळ मेण निघतं, त्यावर लोकांची फार आशा होती. पण देवमाशाच्या तेलाविना केलेल्या डेक्सरॉन-टूचा पहिला अवतार तेल थंड करणाऱ्या कूलरचे डाख खाऊ लागला, मग त्यातही सुधारणा करावी लागली. म्हणजे तेल जगभर बदलत होतं आणि आम्ही ग्रँट रोडला हाती लागेल तो डबा ओतत होतो. माझ्या मते वस्तादांचा दोनदा तेलाचा नियम याच अविश्वासातून आला. डब्यात काय आहे सांगता येत नाही, पण पाचशे मैल फिरलेल्या तेलात काय आहे ते बघता येतं.

बघायचे कसे, ते सांगतो. जुन्या वर्तमानपत्रावर एक थेंब सोडायचे आणि चहा पिऊन यायचे. थेंब पसरलेला असे, कडेला गुलाबी गोल, मध्ये राखाडी टिकली. ती टिकली म्हणजे नव्या प्लेटांची लव आणि दातांची धूळ. नव्या प्लेटा बसताना एकमेकींना घासतातच. टिकली तपकिरी दिसली आणि करपलेल्या चपातीसारखा वास आला, तर बॉक्स पुन्हा खाली. बॉक्सखालचा पॅन उघडून सगळं तेल निघत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. इंजिन आणि बॉक्सच्या मधला तेलाने भरलेला कन्व्हर्टर म्हणजे न फोडलेला नारळ. हलवला की आत खळखळतं, बाहेर थेंब येत नाही. म्हणून पहिलं तेल सोडलं तरी निम्म्याहून जास्त आतच, आणि दुसरं त्यातच मिसळतं. वस्ताद म्हणत, मग मिसळू दे, कपडा एका पाण्यात कुठे निघतो?

मी एकदा तिसरं पाणी, म्हणजे कूलरची नळी धुणं, विसरलो. एका इंपालाचा बॉक्स माझ्या हातचा, एकट्याने बांधलेला पहिलाच. सगळं धुतलं, पण कूलरची नळी तशीच जोडली. जुन्या जळक्या प्लेटांचा चुरा त्या नळीत बसला होता, तो नव्या बॉक्समध्ये परत आला. चौथ्या दिवशी पेडर रोडच्या चढावर गाडी नुसती गुरगुरायला लागली, हलेना. ढकलत आणताना वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. गॅरेजात आल्यावर केरोसिनचा कॅन आणि हवेची नळी माझ्या हातात दिली. काळं पाणी पांढरं होईपर्यंत दुपार गेली. बॉक्सचा खर्च पगारातून कापला गेला, बरोबरच होतं.

आता मी कामं घेत नाही. 2014 ला क्लचचं पेडल नसलेली सेलेरिओ आल्यापासून शेजारची पोरं 'ऑटोचं तेल' बदलायला विचारतात. त्यांना सांगतो, तो साधाच गिअरबॉक्स, क्लच फक्त यंत्र दाबतं, त्यात लाल तेल घालू नका. पण मागच्या वर्षी एकजण जुन्या शेवरोलेचा बॉक्स बांधून माझ्याकडे घेऊन आला. डेक्सरॉन-थ्री दर्जाचं तेल, कूलर धुतलेला, सगळं व्यवस्थित. शंभरेक मैल फिरवून आणला आणि मी पॅन सोडायला सांगितला.

"काका, अजून लालभडक आहे. फेकायचं कशाला?"

मी त्याचं बोट परातीच्या तळाशी फिरवलं. बोट राखाडी निघालं. त्याने ते रुमालाला पुसलं आणि दुसरा डबा आणायला गेला.