श्वासाचा हिशोब

सुमारें १७९० सालीं पॅरिस येथील शस्त्रागाराच्या वास्तूंत चाललेल्या एका प्रयोगाचें चित्र आजहि पाहावयास मिळतें. मुखवटा चढविलेला एक तरुण नळींतून श्वास घेत आहे व पायानें पावटी दाबून श्रम करीत आहे. जवळच मेजाशीं बसून एक स्त्री टिपणें करीत आहे. तरुणाचें नांव आर्मां सेगँ, स्त्री मारी लाव्हाझिये. चित्रहि तिच्याच हातचें. प्रयोग तिचा पति आंत्वान लाव्हाझिये याचा.

उपाशीपोटीं स्वस्थ बसलेल्या सेगँला तासास सुमारें १,२०० फ्रेंच घनइंच प्राणवायु लागे. जेवणानंतर १,८०० हून अधिक. आणि उपाशीपोटींच ओझें उचलूं लागतांच ३,२००. म्हणजे श्रमालाहि माप आहे! वक्त्याचे अगर वादकाचे श्रम किती रत्तल ओझें उचलण्याइतके होतात, हेंहि यावरून सांगतां येईल, असें लाव्हाझियेनें लिहिलें. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्याच लेखांत त्यानें एक बोंचरा प्रश्न विचारला. कष्टकरी मनुष्य अधिक जाळतो, तर त्याला अन्नहि अधिक हवें. मग विपुलता मात्र श्रम न करणाऱ्या श्रीमंताच्या घरीं कां? राज्यक्रांतीनें ही विषमता कमी होईल, अशी त्याला आशा होती. परंतु तो स्वतः करवसुलीच्या मक्त्यांतील भागीदार. त्याच क्रांतीनें ८ मे १७९४ रोजीं त्याचा शिरच्छेद केला.

त्याचीं मापें मोलाचीं, पण स्थळ चुकलें होतें. हें ज्वलन फुप्फुसांत होत असावें, असें त्याला वाटे. १८३७ मध्यें जर्मनींत माग्नुसनें रक्तांतील वायु काढून पाहिले, तेव्हां रोहिणीच्या रक्तांत प्राणवायूचें व नीलेच्या रक्तांत कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण अधिक आढळलें. फुप्फुसें केवळ देवघेवीचा नाका ठरलीं. खरी चूल सर्व शरीरभर पेटलेली असते.

मग धांवणाऱ्याच्या पायांना जादा प्राणवायु पोंचतो कसा? श्वास व हृदय यांची गति वाढते, हें सर्वांस ठाऊक आहे. मौज पुढेंच आहे. १९०४ मध्यें कोपनहेगन येथें बोर व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणजे रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूवरील आपली पकड सैल करतें. कामाचा केरच जणूं नवें सरपण मागवितो! विश्रांतींत रक्त आपल्या प्राणवायूचा सुमारें चौथा हिस्साच उतरवितें. कठोर श्रमांत स्नायु तीन चतुर्थांशांहून अधिक काढून घेतात. बोरचाच शिष्य ऑगस्ट क्रोघ यानें पुढें दाखविलें कीं, विश्रांतींतील स्नायूंत पुष्कळशा केशवाहिन्या मिटलेल्या असतात व काम सुरू होतांच उघडतात. त्याबद्दल १९२० चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें.

सेगँ क्रांतींतून वांचला. चामडें लवकर कमावण्याची रीत काढून त्यानें सैन्याला तें पुरविलें आणि तो गबर झाला.