ग्रंथालयाचा उंबरठा

ग्रंथालयांचा इतिहास सांगताना आपण स्थापनेची सनावळी सांगतो. परंतु त्या दारातून आत कोण आले आणि आत आलेल्यास पुस्तकापर्यंत कोणी नेले, हाही इतिहासच होय.

आपल्या जिल्ह्यात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, शहापूर तालुक्यातील तानसा धरण पुरे झाले. पाण्यास मुंबईची वाट तेव्हाच सापडली. ग्रंथांस शहापूर-मुरबाडच्या पाड्यांची वाट सापडण्यास फार उशीर लागला.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले झाले, पण ते कागदावर. पुढल्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळेही होती. दार उघडले तरी आतला व्यवहार शिकावा लागतो, हे तीत आले. भाई कोतवालांनी माथेरान-कर्जत भागात खेडुतांसाठी शाळा काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर ते हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानास आधार दिला. अ, ब, क, ड असे ग्रंथालयांचे वर्गही ठरले. पुस्तके मोजता येतात. बुजऱ्या माणसाची भीड मोजता येत नाही.

आम्ही मजुरांत वावरणारे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्याकडे कायमचा पत्ता आणि अनामत मागितली, की उघडे दारही बंदच. मोठ्या धैर्याने कोणी आत आलाच, तर कपाटासमोर उभा राहून तो काय मागणार? २००६ चा वनहक्क कायदा कोठे सापडेल, यादी कशी पाहावी, हे त्याला कोणी तरी शेजारी बसवून दाखविले पाहिजे. याला आम्ही उपकार म्हणत नाही. हा त्याचा हक्क आहे.

हे अशक्य नाही. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. पोथी स्वतः वाचता यावी, एवढीच त्या साठी उलटलेल्या स्त्रियांची इच्छा. घरकाम आटोपून दुपारी त्या गुलाबी नऊवारीत, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. शाळेने आपली वेळ त्यांच्या कामाशी जुळविली, त्यांचे काम आपल्या वेळेशी नव्हे.

ग्रंथालयांनीही तेच करावे. बाजाराच्या दिवशी एक तास राखून ठेवावा, अनामतीवाचून पुस्तक हाती द्यावे आणि नव्या वाचकास नावाने ‘या, बसा’ म्हणावे. त्याला खर्च फारसा नाही. मन मात्र मोठे लागते.