नीलमाच्या चकतीवर उगवणारा निळा

साल १९९२. जपानच्या शिकोकू बेटावरच्या आनान गावात, निचिया कंपनीच्या प्रयोगशाळेत, निळा एलईडी बनवण्याच्या खटपटीत, तुम्ही एका भट्टीपुढे उभे आहात. आत नीलमाची चकती. नाव नीलम, पण काचेसारखी रंगहीन. हजार अंशांवर तापलेल्या तिच्या अंगावरून वायूचा एक झोत आडवा जातो, दुसरा वरून त्याला दाबून धरतो. ही इथल्या शुजी नाकामुरांची करामत. वरचा दाब नसेल तर उष्णतेने वायू उसळून निसटतो आणि गॅलियम नायट्राइडचा थर धड उगवत नाही.

आज थर छान उगवलाय. त्यात चिमूटभर मॅग्नेशियमही घातलंय, म्हणजेच डोपिंग केलंय. गॅलियमच्या बाहेरच्या कक्षेत ३ इलेक्ट्रॉन, मॅग्नेशियमच्या २. म्हणजे एक जागा रिकामी राहायला हवी. इलेक्ट्रॉन तिच्यात येऊन पडला की प्रकाश. तुम्ही तारा टेकवता, आणि वीज वाहतच नाही. वायूच्या झोतातल्या अमोनियातून आलेला हायड्रोजन, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी, ती जागा अडवून बसलाय. नागोयात आकासाकी आणि आमानो या संशोधकांनी १९८९ मध्येच इलेक्ट्रॉनांचा मारा करून असा थर वाहता केला होता. इथे तो नुसता नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या आसपास तापवतात. हायड्रोजन निघून जातो, रोधकता १० लाख ओहम-सेंटीमीटरवरून २ वर येते. नवं काही न घालता! मला तरी या साऱ्या खटाटोपात हीच पायरी सर्वांत देखणी वाटते.

१९९३. आता इंडियम मिसळलेल्या थरात जस्त पडतं, आणि जांभळ्याकडे झुकणारा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या स्वच्छ निळ्यावर येतो. डोळे दिपतात.

१९९५ मध्ये जस्तही नको. प्रकाश देणारा थर जेमतेम ३ नॅनोमीटरचा, म्हणजे गॅलियमचे डझनभर पदर. त्यात इंडियम वाढवा, निळ्याचा हिरवा होतो. काटेकोरपणे याला डोपिंग नाही, मिश्रधातूसारखं मिश्रणच म्हणायचं. पण रंगाची चावी हीच. पिवळ्यासाठी आणखी इंडियम घालायला जाल, तर भट्टी थंड ठेवावी लागते, नाहीतर ते उडून जातं. आणि थंड भट्टीत स्फटिक बिघडतो. पिवळा मिळतो, पण मिणमिणता.

निळ्यात पिवळा मिसळून होणाऱ्या पांढऱ्याचं मात्र या पिवळ्या दिव्यावाचून अडत नाही. निचियाचा मूळ धंदा चकाकणाऱ्या भुकट्यांचा. १९९६ मध्ये निळ्या दिव्यावर पिवळी उजळणारी भुकटी चढते, आणि पांढरा एलईडी बाजारात येतो.