छिद्र बुजलं, पण ठोक्यांचं काय?

जन्मजात हृदयदोष म्हटलं की आपल्याकडे अजूनही मधुबालाचं नाव निघतं. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. १९५४ साली मद्रासला चित्रीकरण चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी नेमकं असंच छिद्र, हृदय उघडून, शिवून बंद केलं होतं. त्यांच्याकडे हार्ट-लंग मशीन नव्हतं. त्यांनी मुलाचं रक्त चक्क वडिलांच्या शरीरातून फिरवून आणलं! मधुबालाला मात्र १९६० च्या सुमारास लंडनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. १९६९ मध्ये, छत्तीस वर्षांची असताना ती गेली.

लिलेहाय यांच्यापुढे लवकरच वेगळं संकट उभं राहिलं. छिद्र नीट बुजायचं, पण काही मुलांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावायचे आणि मूल दगावायचं. वरच्या कप्प्यांकडून खाली विजेचा संदेश नेणारी तंतूंची बारीक जुडी या छिद्राच्या अगदी काठावरून जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. टाका तिच्यातून गेला की संदेश तुटतो. यालाच आपण हार्ट ब्लॉक म्हणतो. (रक्तवाहिनीतल्या अडथळ्यालाही लोक 'ब्लॉक' म्हणतात. तो आजार वेगळा.)

१९५७ च्या जानेवारीत लिलेहाय यांनी हृदयाच्या स्नायूलाच तार जोडून बाहेरून वीज द्यायला सुरुवात केली. पण यंत्र भिंतीतल्या प्लगवर चाले. मूल वॉर्डात न्यायचं तर मागे लांबच लांब वायर. ३१ ऑक्टोबरला शहराची वीज गेली. मग रुग्णालयातली उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांनी मासिकात छापलेल्या तालयंत्राच्या सर्किटवरून काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर बनवला. म्हणजे आज ज्याला आपण म्हाताऱ्यांचं यंत्र समजतो, ते या रूपात आधी लहान मुलांसाठी आलं.

भारतात १९६१ मध्ये वेल्लोरला डॉ. एन. गोपीनाथ यांनी ओपन हार्ट शस्त्रक्रिया केली. पुढे मुलं जगू लागली, मोठी झाली, आणि तेव्हा दुसरा प्रश्न कळला. टाक्याच्या जागी व्रण राहतो. व्रणातून वीज जात नाही, त्याला वळसा घालते, आणि कधी कधी त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहते. १९६३ पासून केल्या जाणाऱ्या मस्टर्ड शस्त्रक्रियेत वरच्या कप्प्यांत भरपूर शिवण असे. त्यातली बरीच मुलं तरुणपणी धडधडीची तक्रार घेऊन परत आली. १९७५ मध्ये ब्राझीलच्या डॉ. जातेने यांनी धमन्याच अदलाबदल करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि मस्टर्ड हळूहळू मागे पडली. फॅलो हा 'निळ्या बाळां'चा दोष. त्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत धोका खालच्या कप्प्यांतल्या ठोक्यांचा. १९९५ मध्ये लंडनच्या डॉ. गॅत्झूलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा रुग्णांच्या ईसीजीवरची खालच्या कप्प्यांची लाट १८० मिलिसेकंद किंवा अधिक रुंद असेल तर घातक ठोक्यांची शक्यता वाढते. साध्या ईसीजीवर हे मोजता येतं, ही माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट.

महाराष्ट्रात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी-शाळेत तपासणी आणि पुढे मोफत शस्त्रक्रिया, यामुळे गरीब घरातल्या मुलांना मोठा आधार मिळाला. पण कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचा. २०१३ ला सहा वर्षांचं असलेलं मूल २०२५ ला त्यातून बाहेर पडलं. फाईल माळ्यावर जाते, 'लहानपणीच बरा झाला' असं घरचे सांगतात, आणि तो घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायला लागतो.

अशा तरुणाची नाडी कधी अगदी नियमित लागते, पण स्वस्थ बसलेला असतानाही १२०-१३०. ताप नाही, धाप नाही. 'टेन्शन असेल', 'पित्त झालं असेल' म्हणून गोळी घेतली जाते. छातीवर मधोमध उभा व्रण असेल तर ही धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या, कारण थांबल्यावर तो पूर्ववत दिसू शकतो. वरच्या कप्प्यांची अशी लय दिवसेंदिवस टिकली तर हृदय थकतं, रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही होऊ शकतो. धडधडीसोबत चक्कर येऊन शुद्ध हरपली तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. पुष्कळदा कॅथेटरने ती वळसा घालणारी वाट जाळून बंद करता येते. मात्र त्या डॉक्टरांना टाके नेमके कुठे घातले होते ते हवं असतं, आणि ते लिहिलेलं असतं माळ्यावरच्या त्या फाईलमधल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर.