८ एप्रिल : वालचंद हिराचंद यांचा स्मृतिदिन

उद्योगपती वालचंद हिराचंद दोशी यांचे ८ एप्रिल १९५३ रोजी निधन झाले. जहाज, विमान, मोटार या त्यांच्या उद्योगांची ख्याती मोठी. पण वडगाव निंबाळकरपासून इंदापूर तालुक्यापर्यंतच्या नीरा नदीकाठाने त्यांना कळंबच्या माळावर उभ्या केलेल्या वालचंदनगरसाठी स्मरावे. साखर कारखान्याभोवती घरे, शाळा, दवाखाना आले. पुढे तिथेच यंत्रे आणि अग्निबाणांचे भागही घडू लागले. ही वसाहत म्हणजे दान नव्हे, नफ्याचा व्यवहार, असा आक्षेप घेतला जातो. ऊसमळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घकाळ खंडाने गेल्या, हे खरेच. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या शेती महामंडळाकडे गेल्या. जमिनी गेलेल्या त्या शेतकरी कुटुंबांचा हिशेब मोठाच आहे. तरीही देणगी एकदाच पोचते, कारागिराच्या हातातले कसब मात्र मुलानातवंडांपर्यंत जाते. म्हणून या वसाहतीला मी त्यांचे सर्वांत मोठे देणे मानतो.