साधना घरात शिरते तेव्हा : नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणांहून आपण ही व्याख्यानं ऐकता आणि प्रश्नही पाठवता. त्यातला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. ख्रिस्ती माणूस देवाच्या जवळ जातो म्हणजे रोज नेमकं काय करतो? वारकऱ्याची वारी डोळ्यांना दिसते, जपमाळ दिसते, उपवास दिसतो. ख्रिस्ती साधनेत दिसण्यासारखं काय असतं?

तत्त्वज्ञान सांगण्यापेक्षा मी आज इतिहासातलं एक घर दाखवणार आहे. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. लोकमान्यांशी या टिळकांची गल्लत करू नका. हे कवी टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा.

तिशी गाठेपर्यंत या माणसाने पुष्कळ वाटा तुडवल्या होत्या. संस्कृतचा व्यासंग मोठा, वृत्ती अस्वस्थ, नोकरी कुठेच टिकत नसे. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांनी ग्रंथांचं काम केलं. जातिभेद मोडला पाहिजे आणि या देशाला खरा धर्म मिळाला पाहिजे, हा ध्यास मात्र कायम होता. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. राजनांदगाव आज छत्तीसगडात येतं, तेव्हा ते एक संस्थान होतं. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली.

इथे आपण थोडं थांबू. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘आणि टिळक ख्रिस्ती झाले’ अशी एका ओळीत संपवली जाते. प्रत्यक्षात त्यांनी एक नेम धरला. पुस्तक फारसं आवडलं नव्हतं, पण वाचायचं ठरवलं होतं, म्हणून ते रोज वाचत राहिले. हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचलं. पहिल्याच काही पानांत मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरील प्रवचन आलं आणि तिथे ते अडकले.

त्या प्रवचनात काय आहे? दान केलंत तर डाव्या हाताला कळू देऊ नका. प्रार्थना करायची तर खोलीचं दार लावून करा, चारचौघांत मिरवण्यासाठी नको. वेदीवर अर्पण ठेवायला निघालात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही सल आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा आणि आधी समेट करून या. शत्रूवर प्रेम करा. ख्रिस्ती साधनेचा पाया हाच आहे. शास्त्रपाठ आणि एकांतातली प्रार्थना हे तिचे दोन पाय, पण चालत जायचं ते भावाच्या दाराशी. देवाकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जाते, असं मी याला म्हणेन.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घरावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन पंढरपूरला नातेवाइकांकडे होत्या. कर्मठ घरातल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला याचा अर्थ तेव्हा काय होता, हे आज सांगूनही कळणार नाही. तिला सवाष्ण म्हणायचं की विधवा, याचंही उत्तर समाजाजवळ नव्हतं. एका माणसाच्या साधनेची किंमत दुसरंच माणूस मोजत होतं. ही बाजू झाकून टिळकांचं चरित्र सांगता येत नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही ती झाकली नाही. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त ती आहे. टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, घरात दाणा नसताना हातातले पैसे वाटून टाकणं, सगळं आहे. तरी त्या सांगण्यात कडवटपणा नाही.

आता लक्ष्मीबाईंच्या साधनेकडे येऊ. माझ्या मते या घरातली अधिक मोठी उडी त्यांची आहे. त्यांचे वडील सोवळ्याच्या बाबतीत इतके पराकोटीचे होते की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई. अशा घरात वाढलेली ही मुलगी. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांनी धर्म सोडला नव्हता. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही.

पुढे राहुरीला असताना त्या एकदा एकट्याच विचार करत बसल्या. जाती देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखा काही वेगळेपणा त्याने माणसांच्या शरीरातही ठेवला नसता का? मग हा भेद माणसानेच केलेला. एकदा हे पटल्यावर त्यांनी ठरवलं, यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. हे बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे, लक्षात घ्या. बाप्तिस्मा १९०० साली झाला. विधी नंतर आला, मन आधी बदललं आणि हात त्याही आधी पुढे झाला. छप्पनच्या दुष्काळाचा तो काळ. पोरक्या झालेल्या मुलांना याच घराने आसरा दिला आणि त्यांची जात विचारली नाही.

तिसरी गोष्ट गाण्याची. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळींत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं पुष्कळ होती. अक्षरं मराठी, पण ओठांवर परकी. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन उपासनेत आणलं. ते पहिले नव्हते. अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. त्याहून मागे गेलो तर गोव्यात साष्टीच्या भूमीत फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज असलेला जेजुइट भेटतो. त्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मोठ्याने वाचावा आणि ऐकावा असाच आहे. आपल्या भाषेत देवाशी बोलण्याची भूक किती जुनी आहे, ते यावरून कळतं.

टिळकांनी या भुकेला संतांचं अन्न दिलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरुमाउली होतो, आई होतो. महाराष्ट्रातल्या भक्तीला विठाई माउली ठाऊकच होती. म्हणून हे शब्द ऐकणाऱ्याला कुठे अडखळल्यासारखं होत नाही. आजही मराठी चर्चमध्ये रविवारी जी गीतं गायली जातात, त्यांत टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या मंडळीतलं म्हातारं माणूस आणि पुण्यातला कॉलेजचा मुलगा तेच पद म्हणतात. गाणं पाठ झालं की प्रार्थना भाकरी थापतानाही चालू राहते, बसमध्येही चालू राहते.

शेवटचा टप्पा १९१७ चा. टिळक तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, मिशनमध्ये मान असलेले पाळक आणि कवी. त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, असे सगळे एका बंधुत्वात यावेत. परदेशी मिशनऱ्यांनी इथल्या ख्रिस्ती लोकांचे वडील होऊ नये, भाऊ व्हावं, हा त्यांचा जुना आग्रह होता. ख्रिस्ती होण्यासाठी हिंदुस्थानी असणं सोडावं लागत नाही, हे त्यांना स्वतःच्या जगण्यातून दाखवायचं होतं.

दरबार फार वाढला नाही. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. येशूचं चरित्र सांगणारं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आणि लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवलेल्या बाईने महाकाव्य तडीला नेलं. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचा संसार मोडला होता, तिच्यासाठी त्या शेवटपर्यंत लिहीत राहिल्या.

मंडळी, या घराच्या इतिहासातून मला जे दिसतं ते सरळ आहे. रोजचं वाचन, दार लावून केलेली प्रार्थना, आपल्या बोलीतलं गाणं, भुकेल्याची सेवा, सोबतीची मंडळी ही ख्रिस्ती साधनेची अंगं. ती सगळी करूनही माणूस होता तिथेच राहू शकतो. साधना खरी आहे की नाही, हे ती कुठवर पोचली त्यावरून ओळखावं. टिळकांच्या बाबतीत ती पगाराच्या पाकिटापर्यंत पोचली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत चुलीपर्यंत आणि पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचली. सोवळ्याची सवय हाडांत मुरलेली होती. देवाला तिथे येऊ देणं ही सोपी गोष्ट नव्हती.

आपला धर्म कोणताही असो, प्रत्येकाच्या घरात असा एखादा कोपरा असतोच, जिथे देवालासुद्धा आपण बाहेर थांबायला सांगतो. तो कोपरा कोणता, हे दुसऱ्याने सांगायचं नसतं. टिळकांनीही ते लक्ष्मीबाईंना सांगितलं नाही. त्यांनी पाच वर्षं वाट पाहिली.